दणकट

मराठीत बळाच्या विशेषणांना तोटा नाही. नेतृत्व कणखर असतं, पुरावा भक्कम असतो, पगार तगडा असतो, लोकशाही कोणी ना कोणी सतत बळकट करत असतं. बाळं सुदृढ असतात, त्यांच्या स्पर्धासुद्धा भरतात. यातलं कुठलंही चाललं असतं. पण घर, नातलग आणि ऑफिस यांनी एकमताने माझ्यासाठी ‘दणकट’ पसंत केलं.

दणकट म्हणजे खरं तर कपाट. किंवा चप्पल, पाट, गावाकडची खाट. शिवाय ते लिंगवचनाने बदलत नाही. धट्टाकट्टाचं निदान धट्टीकट्टी तरी होतं (म्हणीत ते गरिबीच्या पदरात पडलंय, ते सोडा). दणकट मात्र पलंग, खुर्ची आणि मी, तिघांनाही जसंच्या तसं लागू. मावशीने स्थळ घेऊन आलेल्या बाईंना ‘पोरगी दणकट आहे हो’ म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चारही पाय नीट टेकतात ना, एवढंच विचारायचं बाकी होतं.

एकदा शिक्का बसला की ओझी आपोआप चालत येतात. ऑफिसातला पाण्याचा जार वीस लिटरचा, म्हणजे वीस किलोचा. तो संपला की पुरुषमंडळींच्या कमरा एकदम धरतात. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, मिळून तीसेक किलो. तो जिन्यातून वर न्यायची वेळ आली की पैसे भरून जिममध्ये वजनं उचलणारे शेजारचे काका दारातूनच सांगतात, “ताई आहेत ना!”

त्यातही सगळ्यात कपटी शब्द धडधाकट. वरवर कौतुक, पण मागून ‘असून’ येतोच. धडधाकट असून रजा? धडधाकट असून रिक्षा? एसटीत धडधाकट असून बसलीस, आणि आजोबा उभे? भीक मागणाऱ्याला जो शब्द ऐकवतात, तोच मला.

मागच्या आठवड्यात तापाने फणफणले होते. कोणाचा विश्वास बसेना. साहेबांनी ‘तुम्हाला?’ एवढंच विचारलं. शेवटी आत्याचा फोन आला, तिचा आवाज मायेने भरून आला होता.

“काळजी करू नकोस गं, दणकट आहेस, दोन दिवसांत उठशील,” ती म्हणाली. “आणि उठलीस की जरा इकडे ये. माळ्यावरचं पिंप खाली काढायचंय.”