बारशाला जाताय? ओठ पुसू नका

नाशिकच्या गंगापूर धरणावर किंवा सोमेश्वरच्या खडकांवर एखादं जोडपं जरा जवळ सरकलं, की आपल्याला संस्कृती आणि सार्वजनिक आरोग्य दोन्ही एकदमच आठवतात. आठवू द्या. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी २१ जोडप्यांकडून चुंबनं घेववून हिशेब मांडला: दहा सेकंदांत सुमारे आठ कोटी जीवाणू या तोंडातून त्या तोंडात. फॉरवर्ड करायला झकास आकडा आहे. नेहमीच्या जोडीदारांच्या जिभेवरचे जीवाणू मुळातच बरेचसे सारखे निघाले, हे त्याच अभ्यासात आहे. पण तेवढं खाली कोण वाचत बसतं? दोन धडधाकट माणसांची शरीरं आपसात निभावून नेतात, त्यात मजा ती काय.

तेव्हा धरणावर शिट्ट्या मारून झाल्या असतील तर कपडे बदला. सिडकोत बारसं आहे, आणि लाळेला खरा वाव तिथे आहे.

आधी मुहूर्ताचं कौतुक करू. ओठावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू नवजात बाळाला लागला, तर आजार साधारण पहिल्या चार आठवड्यांत उमटतो. बारसं बाराव्या दिवशी. ही सोय वाया घालवू नका.

निघण्याआधी आरशात बघा. ओठाच्या कडेला चुरचुरतंय? उद्यापर्यंत पाणीदार फोडांचा झुबका येणार. ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणा, थोडं तूप लावा आणि रिक्षा पकडा. त्या पाण्यात विषाणू ठासून भरलेला असतो आणि खपली गळून पडेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तुम्ही तो वाटू शकता. फोड नसेल तर खट्टू होऊ नका. पन्नाशीच्या आतल्या दर तिघांपैकी जवळपास दोघांच्या शरीरात हा पाहुणा असतो. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर मुक्काम ठोकतो, आणि अधूनमधून काहीही न दाखवता लाळेत उतरतो. बाळाच्या आईला तो पूर्वीच होऊन गेला असेल, तर तिच्याकडून बाळाला थोड्या प्रतिपिंडांचं कवच मिळालेलं असतं. झाला नसेल तर तेही नाही. हे तिला विचारायचं नाही. बारशात असले प्रश्न बरे दिसत नाहीत.

आता पापा. हॉलमध्ये शिरल्यावर हात धुवायला जाऊ नका, तिकडे साबण वीस सेकंद चोळत बसलात तर घुगऱ्या संपतील. मिसळीची तर्री ओठांवर असेल तर असू द्या. थेट पाळण्याकडे चला आणि ओठांवर, नाहीतर डोळ्याजवळ घ्या. डोळ्यात विषाणू गेला तर बुबुळाला जखम होऊ शकते, त्यामुळे ही जागा विशेष. पावलाचा पापा घेणारी माणसं बेरकी असतात. प्रेमही दाखवतात आणि बाळाच्या तोंडापासून लांबही राहतात. आणि कुणी आजी दुरूनच हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडत असेल, तर तिला आवरा. ना स्पर्श, ना थुंकी, नुसता आवाज! असल्या जुनाट चालींमुळेच जंतूंची पिढी खुंटते.

आत्याला मात्र अडवू नका. कानात नाव सांगायला ती वाकणारच. तिला तीन आठवड्यांपासून ढास लागत असेल तर आणखी उत्तम. मोठ्यांचा रेंगाळलेला खोकला कधीकधी डांग्या खोकला असतो आणि बाळाची त्यावरची पहिली लस सहाव्या आठवड्यात असते. एवढ्या लहान बाळाला धड खोकताही येत नाही, कधी नुसता श्वासच थांबतो. लोकांना वाटतं, किती शहाणं बाळ, हूं नाही की चूं नाही.

उष्टावणानंतर आणखी एक दालन उघडतं. मऊ भाताचा चमचा आधी आपल्या तोंडात घालून ‘गरम नाही ना’ बघायचा, मग तोच बाळाला. दात किडवणारा जीवाणू बहुतेक घरच्याच माणसांच्या लाळेतून येतो. तुमच्या दोन दाढा किडलेल्या असतील तर भरू नका, पुरवठा कमी होईल. एकटा जीवाणू काही करू शकत नाही, त्याला साखर लागते; म्हणून झोपताना गोड दुधाची बाटली तोंडात राहू द्या. हीच मंडळी घरातल्या क्षयरुग्णाचं ताट-वाटी वेगळं ठेवतात, हे लक्षात घ्या. क्षय हवेतून पसरतो, ताटातून नाही. तरी ताट वेगळं करायचं आणि खोलीची खिडकी घट्ट लावून घ्यायची, असा नियम आहे.

बारशानंतर काही दिवसांनी बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, अंग तापलं किंवा उलट गार पडलं, तर घाई नको. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढा. काखेत थर्मामीटर लावायचा नाही, कारण १००.४ फॅरनहाइट दिसलं तर या वयात त्याच तासाला रुग्णालय गाठावं लागतं. अंगावर फोड दिसेपर्यंत थांबा. ते कित्येकदा येतच नाहीत, म्हणजे थांबायला भरपूर वेळ मिळतो. पहिला झटका आला की मात्र निघा.

तिथे डॉक्टर विचारतील, गेल्या काही दिवसांत कुणाच्या ओठावर फोड होता का? सगळ्यांनी छताकडे बघायचं. होकार मिळाला तर त्यांना अ‍ॅसायक्लोव्हिर लगेच सुरू करता येईल आणि तुमचं नाव निघेल. हे औषध शिरेतून द्यावं लागतं: त्वचा, डोळे, तोंड एवढ्यावर भागलं तर १४ दिवस, मेंदूपर्यंत गेलं असेल तर किमान २१. तेवढ्यात भेटायला जाऊन या, जाताना पिंपळगावची द्राक्षं न्या. बाळाच्या आयसीयूत आत सोडत नाहीत, काचेबाहेरून बघावं लागतं. एवढा कोरडेपणा बरा नाही, हे तिथल्या सिस्टरना जरूर सुनवा.