३ एचपी लिहिता, तर ३ एचपी द्या

काल दुपारी टेबल सॉ (मधून फिरतं गोल पातं वर येतं ते करवतीचं टेबल) पुन्हा फळीत रुतून बसला. ५० मिमी जाडीची शिसवी फळी, टेबलाच्या पायांसाठी उभी चिरत होते. हातभर चीर सुरेख गेली. मग आवाज बदलला. हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. वरच्या पट्टीतली किंचाळी घसरत घसरत घोगरी होते आणि आपला ढकलणारा हात आपोआप हलका पडतो. माझाही पडला. तरी पातं थांबायचं ते थांबलंच. पाठोपाठ वास आला, आणि तो लाकडाचा नव्हता. मोटरमधल्या तारांच्या गुंडाळीवरच्या (वाइंडिंगच्या) वार्निशचा होता.

खोक्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत छापलंय, ३ एचपी. खाली, हेवी ड्यूटी, फर्निचरसाठी उत्तम.

प्लग काढला, मशीन आडवं केलं आणि टॉर्च लावून मोटरवरची पट्टी वाचली. घेतानाच वाचायला हवी होती, कबूल. पण विकताना मशीन आडवं करून कोण दाखवतं? भुशाच्या थराखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: इनपुट, एस१ १५०० वॉट, एस६ २५% १८०० वॉट.

आता हिशोब करा. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, म्हणजे ३ एचपीचे झाले २२३८. पट्टीप्रमाणे हे मशीन प्लगमधून ओढतंच मुळी जास्तीत जास्त १८००. आत जातात त्याहून जास्त वॉट बाहेर कुठून येणार? आणि ते १८०० सुद्धा सलग नाहीत. एस६ २५% म्हणजे दहा मिनिटांतली अडीच मिनिटं लोड, उरलेली साडेसात मिनिटं मोटर रिकामी फिरू द्यायची. सलग काम करायचं तर एस१ चा आकडा धरायचा, १५००. त्यातलाही तिसरा हिस्सा कार्बन ब्रशवाल्या (फिरत्या भागाला कार्बनच्या तुकड्यांतून वीज पोचवणाऱ्या) मोटरमध्ये उष्णतेत आणि पंख्यात जातो. पात्यापर्यंत पोचतात हजारेक वॉट. म्हणजे सव्वा एचपीच्या जरा वर. ३ लिहून सव्वा! दुकानदाराने किलोच्या पैशात अर्धा किलोसुद्धा दिलं नाही तर आपण त्याला काय म्हणतो?

रागाच्या भरात कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं तीच धून ऐकल्यावर एक मुलगा बोलला, “मॅडम, ते पीक एचपी असतं.” म्हटलं, पीक म्हणजे किती वेळ? तो गप्प. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाला, “मोटरची जास्तीत जास्त क्षमता.” अरे, पण किती सेकंद? मोटर सुरू होताना करंट क्षणभर उसळतो, त्याच्यावरून मांडलेले आकडे असतात हे. त्या क्षणाला पात्यासमोर लाकूडसुद्धा नसतं! मला सहा फुटी फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरायचीय. मला त्या क्षणाचं काय करायचंय?

मग म्हणाला, “तुम्ही जोरात ढकलत असाल. हळू ढकला.” हळू! हळू ढकललं की दात कापायचे थांबतात आणि नुसते घासायला लागतात. कडा काळी पडते, पातं तापतं, तापलं की लवतं, लवलं की अजून घासतं. ती जळकी कडा काढायला मी परवा एका फळीवर अर्धा तास रंधा मारला. फळीची ३ मिमी रुंदी गेली त्यात. ढकलायचा वेग पात्याला हवा तो असावा लागतो, तो मोटरला झेपेल तेवढाच ठेवायची वेळ आली की गिऱ्हाइकाने समजावं, मोटर लहान आहे.

आणि शेवटी तो म्हणाला, “घरात मिस्त्री कोणी असतील तर त्यांना फोन देता का?” मिस्त्री मीच आहे. अकरा वर्षं मी खुर्च्या, कपाटं, पलंग करतेय. मी ओरडले. नको होतं ओरडायला, तो पोरगा समोर लिहून दिलेलंच वाचत होता. त्याची माफी मागून मी फोन ठेवला. पण ते त्याला लिहून देणाऱ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही.

पातं बदला, असं सांगणाऱ्यांनो, बदललंय. मशीनबरोबर ४० दातांचं येतं, ते आडव्या कापाला ठीक, उभ्या चिरेला त्याचा उपयोग नाही. भुसा दातांमधल्या खाचांत कोंबला जातो आणि बाहेर पडायला जागाच उरत नाही. मी २४ दातांचं लावलंय, तेही पातळ चिरेचं, ३.२ मिमीच्या जागी २.४. म्हणजे पाव हिस्सा लाकूड कमी कापावं लागतं. दात नवे आहेत, राळ साफ केलेली आहे, प्लग थेट भिंतीत आहे, मध्ये लांबलचक बारीक वायर नाही. फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची पट्टी, मागच्या बाजूला पात्याकडे वळायची, ती मी मोजून सरळ केलीय. मला करता येण्यासारखं सगळं करून झालं. आता उरलीय फक्त मोटर.

आणि ते व्हिडिओवाले! १८ मिमीचा प्लाय कापून “लोण्यासारखं जातं” म्हणतात. प्लाय कशातही जातो. एकदा तरी दोन इंची शिसव किंवा जुना साग चिरून दाखवा की. सागात सिलिका असते, ती पात्याची धार खाते, आणि धार गेली की तेवढा भार मोटरवर चढतो. कोणता टेबल सॉ घेऊ विचारलं की यांचं ठरलेलं उत्तर, तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. अहो, गरज सांगितलीच आहे ना? फर्निचर! जाड, कठीण लाकूड, रोज. सरळ सांगा की ब्रशवाल्या मोटरच्या नादी लागू नका. इंडक्शन मोटरची (तिला ब्रश नसतात) खरी दीड एचपी असेल तर चांगल्या पात्यावर, धीराने दोन इंची काम होतं. मनासारखं करायचं तर इंडक्शनचीच ३ एचपी, तिच्यासाठी योग्य वायरिंगसकट. दोन वाक्यांचं उत्तर आहे हे. मला ते कोणी दिलं नाही, मी पैसे घालवून शिकले.

हे नुसतं पैशाचं असतं तर मी एवढी तापले नसते. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे फिरतं तेव्हा दाताचा वेग ताशी १९० किलोमीटर होतो. फळीत ताण असेल तर चीर पात्यामागे मिटायला लागते, पात्याला चिमटा बसतो, आणि फळी उचलून चिरणाऱ्याच्या पोटाच्या दिशेने येते. काल चीर मिटत होती. पात्यामागची रायव्हिंग नाइफ, म्हणजे चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी, मध्ये होती म्हणून ती तिथेच अडली. मी बाजूला उभी होते, पण पाय थरथरत होते. दमलेली मोटर, घाईला आलेला माणूस आणि मिटणारी चीर एकत्र आली की बोटं जातात. खोटा आकडा छापणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं मला कोणी सांगू नये.

पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, सलग चालण्याचे वॉट छापा. एवढंच मागतेय.

ताईला टेबलाचा शब्द दिलाय आणि मोटरला अजूनही तो वास येतोय, म्हणून आज सकाळपासून ती फळी हातकरवतीने चिरतेय. चीर जिथे थांबली होती तिथे बोटभर काळा डाग आहे, तो पहिल्या पायाच्या आतल्या बाजूला जाईल असा घेतलाय. एक पाय झाला. तीन बाकी आहेत.