यादीत आलेलं गाव

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. म्हणाला, "अगं, 'नवीन महाबळेश्वर'च्या यादीत आपणही आहोत. पुण्याच्या गाड्या यायला लागल्यात, गुंठ्याचा भाव विचारतायत. तुझं काय म्हणणं?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तेच मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमून साताऱ्यातल्या डोंगराळ भागातल्या शेकडो गावांचा गिरिस्थान म्हणून आराखडा करायचं चाललं आहे. दुसरीकडे पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना २०१४ पासून नुसत्या मसुद्यांवर चालली आहे. २०२४ चा मसुदा सहावा, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. एका कागदात आमच्या डोंगरावर रिसॉर्ट आहेत, दुसऱ्या कागदात निर्बंध. दोन्ही कागद गावाबाहेर तयार झालेत.

मी राहते ते ब्लॅकहीथ हे ऑस्ट्रेलियातलं डोंगरावरचं गाव, सिडनीपासून रेल्वेने दोन तासांवर. उंची हजार मीटरच्या थोडी वर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कमीच. गाव संपतं तिथे कडाही तुटतो. गोवेट्स लीप या कड्यावर उभं राहिलं की खाली ग्रोझची दरी, समोर तांबूस-पिवळे वालुकाश्माचे कडे आणि दरीभर निलगिरीच्या तेलाने निळसर झालेली हवा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा महाबळेश्वरचा केट्स पॉइंट आठवून रडू आलं होतं.

या गावाभोवती राष्ट्रीय उद्यान आहे, २००० पासून जागतिक वारसाही. साहजिकच निर्बंध पुष्कळ. घर बांधायचं तर आधी वणव्याचा धोका किती ते मोजतात. त्यावरून खिडकीची काच कसली आणि छपराखालची फट केवढी, हे ठरतं. हे सगळं लोक निमूट पाळतात याचं मला सुरुवातीला नवल वाटायचं.

मग एका सप्टेंबरमध्ये अग्निशमन दलातले एक काका घराभोवती फेरी मारायला आले. इथलं ग्रामीण अग्निशमन दल जवळपास सगळं स्वयंसेवकांचं, पगार नाही. त्यांनी पन्हळीत हात घालून मूठभर पाला काढला आणि माझ्या हातावर ठेवला. निलगिरीची पानं, सालीच्या लांब सुकलेल्या पट्ट्या. चुरगळल्यावर डोकेदुखीच्या बामासारखा वास आला. "एक ठिणगी यात पडली की घर गेलं," एवढंच म्हणाले. भिंतीला लागून रचलेली लाकडं त्यांनी स्वतः माझ्याबरोबर उचलून लांब नेली.

२०१९ च्या डिसेंबरात ग्रोझच्या दरीतून आग गावाच्या कडेला येऊन भिडली. त्याआधी दोन दिवस अंगणात जळकी पानं पडत होती. काळीकुट्ट, पण अख्खी, शीर न् शीर दिसणारी. बोट लावलं की भुकटी. आम्ही कागदपत्रं घेऊन सिडनीच्या पॅरामाटा उपनगरात मैत्रिणीकडे गेलो. गाव राखायला थांबलेल्यांत ते काका होते. नियम म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तो नियम त्या काकांचा स्वतःचा होता, त्यांच्या हातच्या होजपाइपाइतका.

याच दरीत ब्लू गम जातीच्या निलगिरीचं एक जंगल आहे. १९३१ मध्ये तिथली झाडं तोडून अक्रोड लावायचा बेत होता. पदभ्रमण करणाऱ्या तरुणांना हे कळलं आणि त्यांनी ऐन मंदीत १३० पौंड जमवून त्या जागेचा हक्कच विकत घेतला. पुढच्या वर्षी ती जागा राखीव झाली.

पण म्हणून ऑस्ट्रेलियाकडून शिका, असं मी दादाला सांगणार नाही. शेजारच्या कटुंबात 'द गली' नावाची वस्ती होती, आदिवासी आणि इतर गरीब कुटुंबांची. १९५७ मध्ये मोटारींच्या शर्यतीच्या ट्रॅकसाठी त्यांना उठवलं. दक्षिणेकडची बरागोरँगची दरी १९६० मध्ये पूर्ण झालेल्या वॉरागांबा धरणाखाली गेली, सिडनीला पाणी मिळावं म्हणून. हे वाचताना मला माझी आजी दिसते. तिचं माहेर कोयनेच्या शिवसागरात बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती देवळाचा कळस दिसतो का बघायला बामणोलीला जायची. कोयनेची माणसं अजून जमिनीसाठी आंदोलनं करतात. आमच्या भागातल्या माणसाला "तुमच्या भल्यासाठी" हे शब्द ऐकून धडकी भरते ती उगीच नाही.

आणखी एक फरक आहे, तो झाकून चालणार नाही. ब्लॅकहीथची पुष्कळ माणसं गाडीने शहरात जाऊन कमावतात, जंगलात पिकतं त्यावर कुणाची चूल चालत नाही. आमच्याकडे गुरं, नाचणी, करवंदं, मध, सगळं डोंगरातूनच. तिथे नुसती बंदी म्हणजे पोटावर पाय. आणि नुसते रिसॉर्ट आले तर ज्या झऱ्यावर अख्खी वाडी पाणी भरते, तो आधी आटेल.

पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्येच मांडलं होतं की संवेदनशील क्षेत्राच्या सीमा वरून आखू नका, ग्रामसभांना विचारून ठरवा. त्यांच्या अहवालावर भांडण झालं ते बंदीचं. ग्रामसभेचा मुद्दा बाजूलाच राहिला. मला मात्र सगळं तिथेच अडलेलं दिसतं. वणवा विझवायला आमच्या गावची पोरं आजही झावळ्या घेऊन धावतात, जाळरेषा कुठे हवी हे त्यांना वनरक्षकाइतकंच कळतं. त्यांना नकाशा कुणी दाखवलेला नाही.

काल रात्री दादाला परत फोन केला. म्हटलं, जमिनीचं नंतर बघू. आधी दोन्ही नकाशे मागव, गट नंबरासकट, आणि मारुतीच्या देवळात भिंतीवर लाव.

तो म्हणाला, "पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला विषय घेतो. पण बायकांना आणायचं काम वहिनीचं. तिला तू सांग."