कट्ट्याची उंची कुणाच्या मापानं?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादानं एक चित्र टाकलं. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं करायचंय, त्याचं संगणकावर काढलेलं रंगीत चित्र. पांढऱ्या चकचकीत ट्रॉल्या, काळा ग्रॅनाइट, वर चिमणी, मधली भिंत काढून टाकलेली. चित्र आलं आणि वाद सुरू झाला. पांढरा रंग हळदीनं पिवळा पडेल. भिंत काढली तर फोडणीचा खाट हॉलभर होईल. त्यावर आत्यानं लिहिलं, ‘आम्ही जमिनीवर बसून तीस-तीस भाकऱ्या थापल्या, कुठल्या ट्रॉल्या नि कुठलं काय.’ दोन दिवसांनी चुलतभावानं मला ओढलं, ‘ताई, तुमच्या जर्मनीत कसं असतं? फोटो टाक.’

मी फोटो टाकला नाही. माझ्या फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराचा फोटो छान येतो, पण त्यावरून घर बांधू नये असं मला मनापासून वाटतं. ते का, हे ग्रुपवर दोन ओळींत सांगता येईना, म्हणून हा लेख.

इथं भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराविना मिळतं. म्हणजे खोली असते, नळाची आणि विजेची जोडणी असते, बाकी कट्टा, कपाटं, सिंक सगळं भाडेकरूनं आणायचं. आम्हीही आणलं. सुबक होतं, कप्पे अलगद मिटत होते. पहिल्या रविवारी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं आणि दहा मिनिटांत खांदे भरून आले. कट्टा ९१ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास ३६ इंच. माझी उंची पाच फूट एक इंच. भाकरीचं पीठ तळहाताच्या टाचेनं रगडायचं असतं, अंगाचा भार वरून खाली यावा लागतो. पृष्ठभाग कोपरापर्यंत आला की भार येतच नाही, नुसते दंड दुखतात. शेवटी परात उचलून जेवणाच्या टेबलावर नेली. ते ७५ सेंटिमीटरचं आहे. तिथं हात बसला तो बसलाच; नऊ वर्षं झाली, भाकरी मी जेवणाच्या टेबलावरच थापते. शेगडीचं दुखणं वेगळंच. काचेची सपाट विजेची शेगडी, तिच्यावर आपला खोलगट तवा बुडाच्या एका टिकलीएवढा टेकतो. जाळ नाही, त्यामुळे भाकरी फुगवायला आच नाही. चूक त्या शेगडीची म्हणता येणार नाही, तिच्यासमोर भाकरी करणारी बाई कधी आलीच नव्हती.

ज्या शहरात मी राहते, तिथंच आजच्या बंदिस्त, मापात बसवलेल्या स्वयंपाकघराचा जन्म झाला. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोट्झ्की या वास्तुरचनाकार बाईनं फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बांधली गेली. त्यातलं एक शहरातल्या ‘एर्न्स्ट मे हाउस’मध्ये नीट डागडुजी करून ठेवलंय. मी तिथं दोनदा गेले. दुसऱ्यांदा टेप घेऊन.

त्या बाईनं आधी पावलं मोजली होती, कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं होतं. चिरायचं काम खिडकीपाशी, उजेडात आणि बसून करायचं, म्हणून गोल फिरणारं स्टूल. चिरताना सालं हातानंच सरकवून टाकता यावीत म्हणून कट्ट्यात बसवलेला कचऱ्याचा कप्पा. तांदूळ, साखर, डाळी थेट पातेल्यात ओतता याव्यात म्हणून चोचीचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे. पीठ मात्र ओकच्या लाकडाच्या खणात, कारण त्यात किडा धरत नाही. आमच्या आजीनं धान्यात कडुलिंबाचा पाला घालायची जी अक्कल वापरली तीच ही, फक्त जर्मन लाकडात. त्या खोलीत उभं राहिल्यावर माझ्या मनात त्या बाईबद्दल मोठा आदर दाटून आला. ती स्वतः स्वयंपाक करणारी नव्हती, हे तिनंच पुढे मोकळेपणानं सांगितलंय. पण तिनं कामाकडे पाहिलं.

आणि तरीही त्या खोलीत एक मोठी उणीव आहे. तिथं दुसरं माणूस मावत नाही. मी आणि माझी मुलगी एकाच वेळी आत शिरलो तर एकीला मागं सरावं लागलं. एकट्या बाईची पावलं वाचवण्यासाठी केलेल्या खोलीनं एकट्या बाईलाच आत धरून ठेवलं. पुढच्या पिढीतल्या स्त्रीवादी बायकांनी यावर टीका केली ती मला पटते.

हे जुनं प्रकरण सांगण्याचं कारण असं, की आता ज्याला ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात आणि पुण्या-मुंबईत ज्याचे वर्ग भरतात, त्याचं सार यात आलं. वापरणाऱ्याकडे नीट बघायचं, खरी अडचण कोणती ते ठरवायचं, उपाय कच्च्या स्वरूपात करून बघायचा, फसला तर बदलायचा. माझा रोजगारच हा आहे. दवाखान्यातली उपकरणं नर्सच्या हाताला कशी लागतात ते आम्ही तासन्‌तास बघत बसतो. अमेरिकेत १९९० साली सॅम फार्बर यांनी जाड रबरी मुठीची सालकाढणी बाजारात आणली, कारण संधिवातामुळे पत्नी बेट्सी यांना साधी सालकाढणी धरवत नव्हती. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९६०च्या दशकात, माधुरी माथूर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्या वाटणाखाली जळाला, आणि त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथूर यांनी खोबरं, डाळ, ओली-सुकी चटणी सगळं पेलेल अशा मोटारीचा ‘सुमीत’ काढला. दोन्हीकडे सुरुवात एका बाईच्या हातापासून झाली.

आणि जिथं हात बघितला नाही, तिथं काय होतं तेही मी पाहिलंय. माझ्या आत्याचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. मी शाळेत असताना तिच्या घरी धुराड्याची सुधारित चूल बसली. सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम १९८३च्या सुमारास सुरू झाला होता, हेतू अगदी चांगला, बायकांच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूर कमी व्हावा हा. पण त्या चुलीचं तोंड अरुंद. आत्या भाकरी तव्यावर एका बाजूनं भाजली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी टेकवते, तिथं ती टम्म फुगते. नव्या चुलीला ती जागाच नव्हती. महिन्याभरात आत्यानं पहारीनं तोंड मोठं केलं, धूर पुन्हा घरात आला, आणि तपासायला आलेल्या माणसानं ‘अडाणी’ म्हणून डोकं हलवलं. आत्या अडाणी नव्हती. चूल करणाऱ्यानं भाकरी बघितली नव्हती. अशा कितीतरी चुली बंद पडल्या, २००२ मध्ये तो कार्यक्रमही थांबला.

आता आमच्या घराकडे येते.

गेल्या दिवाळीत मी तीन आठवडे सांगलीत होते. आठ दिवस मी सकाळी सहा ते दहा स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर वही घेऊन बसले. वहिनींना आधी अवघडल्यासारखं झालं. ‘ताई, परीक्षा घेताय होय माझी?’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘वहिनी, तुमची नाही, खोलीची.’ तिसऱ्या दिवसापासून त्या विसरून गेल्या.

सगळ्यात आधी दिसली ती आई. आईची उंची चार फूट दहा. भाकरी अजून तीच करते, ते काम ती कुणाला देत नाही. २०१६ साली ट्रॉल्या बसवल्या तेव्हा कट्टा उचलून ३४ इंचांवर नेला, कारण तयार ट्रॉल्यांचं माप तेवढं होतं. त्याच्यावर गॅसची शेगडी चार-पाच इंच, म्हणजे तवा ३९ इंचांवर. ही शेगडीची उंची मापात धरायची सगळेच विसरतात. आई ज्या पाटावर आम्ही जेवायला बसायचो तो पाट पायाखाली घेऊन त्याच्यावर उभी राहून भाकऱ्या करते. सत्तरीची बाई, गरम तव्यासमोर, हलत्या पाटावर. घरात सगळे रोज बघतात. मीही दरवर्षी येऊन बघत होते आणि ‘आई, सांभाळून गं’ एवढंच म्हणत होते. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याचा फिल्टर आणि माठ कट्ट्याच्या आतल्या टोकाला. एका सकाळी बावीस वेळा कुणी ना कुणी पाणी प्यायला आत आलं, आणि बावीस वेळा वहिनींनी गरम भांडं घेऊन अंग चोरलं. पिठाचा डबा कट्ट्याखाली अगदी तळाला. मिसळणाचा डबा शेगडीच्या डाव्या हाताला, वहिनी उजव्या. कांदा-लसूण चटणीची बरणी वरच्या कपाटात, जी रोज तीनदा लागते. वाढदिवसाला आलेले काचेचे सेट मात्र हाताशी.

आम्ही सुतार बोलावला नाही. आईचं जुनं शिलाई मशीनचं टेबल माळ्याखाली पडून होतं, ते पुसून कट्ट्याला लावलं. मोजलं, साडेएकोणतीस इंच. त्यावर आईनं परात ठेवून भाकरी थापली. लाकडी असल्यानं शेगडी त्यावर ठेवली नाही, फक्त थापायचं काम. दुसऱ्या दिवशी तिनं पाट स्वतःच बाहेर नेऊन ठेवला. तवा अजून उंच पडत होता, पण निदान निम्मं काम जमिनीवर उभं राहून झालं. माझं फ्रँकफर्टचं जेवणाचं टेबल आणि आईचं शिवणाचं टेबल एकाच मापाचं निघालं, ते पाहून मला भरून आलं. माठ बाहेर सोप्यात ठेवला. बावीस फेऱ्या पाचांवर आल्या. खर्च शून्य.

वहिनींना मी विचारलं, नव्या स्वयंपाकघरात काय हवंय? त्यांनी ट्रॉलीचा रंग सांगितला नाही. म्हणाल्या, ‘खालचं सगळं पाण्यात गेलं तरी चालेल असं करा.’

सांगलीबाहेरच्या वाचकाला याचा अर्थ लागणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर तीन वर्षांच्या ट्रॉल्यांचा भुसा झाला होता. भुशाच्या दाबलेल्या फळ्या पाणी पितात आणि फुगतात, पुन्हा बसत नाहीत. त्याआधी कट्ट्याखाली आईचे कडाप्प्याचे कप्पे होते. २००५च्या पुरात तेही बुडाले होते. गाळ काढला, धुतले, वाळवले, परत डबे मांडले. २०१६ मध्ये ‘जुनाट दिसतात’ म्हणून ते फोडले. २०२१ला पाणी पुन्हा आलं तेव्हा फुगायला काही उरलंच नव्हतं.

म्हणून त्या चित्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते सांगलीचं चित्र नाही. कृष्णाकाठच्या स्वयंपाकघरात खाली कडाप्पा किंवा स्टील, मिक्सर-फ्रिजचे प्लग छातीच्या वर, धान्याचे डबे पटकन माळ्यावर नेता येतील एवढे लहान. हे कुठल्या जर्मन कॅटलॉगात मिळायचं नाही.

भिंतीच्या वादात मी भिंत ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं अर्धी आहे. खाट पसरतो हे खरं. पण सबंध भिंत ठेवली तर आमच्याकडे पुन्हा फ्रँकफर्टची ती अरुंद खोली होईल. भिंतीत मोठी खिडकी करा, तिच्या जेवणघराकडच्या बाजूला रुंद फळी ठेवा, म्हणजे दादा किंवा पुतण्या पलीकडे बसून भाजी चिरू शकेल. ग्रुपवर यावर दोन हसण्याची चिन्हं आली. मला तो हसण्याचा विषय वाटत नाही. आपल्या सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि जे थोडे पुरुष घरकाम करतात ते ९७. २०२४च्या पाहणीत आकडे २८९ आणि ८८. पाच वर्षांत केवढ्या ट्रॉल्या बसल्या असतील, आणि बाईची दहा मिनिटं वाचली. जर्मनीनंही फार मिरवू नये. २०२२च्या पाहणीत इथल्या बायका पुरुषांपेक्षा ४४ टक्के जास्त बिनपगारी काम करताना दिसल्या, आणि तेही शंभर वर्षं स्वयंपाकघर सुधारून. अलगद मिटणारे कप्पे कोण उघडतं, हा प्रश्न कप्प्यानं सुटत नाही.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो चिडला नाही. कट्ट्याचा एक हात-दीड हात भाग खाली घ्यायचा, त्यावर एक बर्नरची शेगडी, शेजारी परातीला जागा, हे त्यानं लिहून घेतलं. मी आणखी एक मागितलं, की चित्र पक्कं करण्याआधी त्यानं आठवडाभर सकाळी सहा वाजता त्या खोलीत उभं राहावं.

परवा त्याचा मेसेज आला. चार दिवस झालेत. फिल्टरचा नळ सोप्यात काढायचं ठरलंय. चिमणीचं अजून ठरत नाही. गुरुवारी कारागीर माप घ्यायला येणार आहे आणि दादाला विचारायचंय, खालचा भाग आईच्या मापानं करू की वहिनींच्या? आईला अठ्ठावीस इंच बरं पडतं, वहिनींना तीस. दोघींना शिवणाच्या टेबलापाशी उभं करून त्यानं एकेक भाकरी थापायला लावली होती. मी कळवलंय, तिसरी तू थाप, मग सांग.