"बी खराब, सगळे मासे मेले" या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला मत्स्यबीज केंद्राचं उत्तर

नमस्कार दादा,

अभिप्राय वाचला, फोटोही पाहिले. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात अशी: ऑगस्टमध्ये कटला, रोहू, मृगळची 1,500 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आमच्याकडून नेली. ती 30×30×3 मीटरच्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात सोडली. एप्रिलमध्ये एका रात्रीत जवळपास सगळे मासे गेले. "साडेचार फूट पाणी असताना मेले म्हणजे बीच खराब", शेजाऱ्याचा मांगूर मासा त्याहून कमी पाण्यात जगला, आणि फोन केला तर आमच्या माणसाने "पावती बघा" म्हणून ठेवून दिला. फोनवरच्या त्या उत्तराबद्दल माफी मागतो. तसं बोलायला नको होतं.

बियाण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य नाही. खराब बी आठ महिने थांबत नाही. वाहतुकीत खवले गेलेली, पिशवीत गुदमरलेली बोटुकली पहिल्या चार-पाच दिवसांतच तरंगते. तुमचे मासे मेले तेव्हा 400 ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे बी लागलं होतं आणि वाढलंही होतं. तुमच्याच फोटोत दिसतं ते बघा: तोंडं उघडी, कल्ल्यांची झाकणं फाकलेली, अंगावर जखम किंवा डाग नाही, आणि ढिगात बहुतेक कटला, तोही मोठा. पाण्यातला प्राणवायू संपला की असंच होतं. मोठा मासा आधी जातो, लहान मागे राहतो. रोग किंवा विषबाधा असती तर मोठा आधी, लहान मागे असा भेद सहसा दिसत नाही.

आता साडेचार फुटांचं. फोटोत टेप तळ्याच्या उतारावर, कागदाला टेकवून धरलाय. तळ्याचा उतार 1:1 आहे, म्हणजे मीटरभर खाली जाताना मीटरभर आत येतो, त्यामुळे उतारावरची लांबी खऱ्या खोलीच्या 1.4 पट भरते. तुमचं साडेचार फूट म्हणजे उभं पाणी जेमतेम सव्वातीन फूट, मीटरभर. ही चूक फार जण करतात. तळाच्या मध्यावर एक पाइप उभा करून त्यावर दर 25 सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि तीच वाचा.

मीटरभर पाणी ऐकायला तिसरा हिस्सा वाटतं, पण तळं खाली निमुळतं आहे. काठोकाठ भरलं की त्यात सुमारे 22 लाख लिटर मावतं, एक मीटरला फक्त सव्वासहा लाख. 1,500 पैकी 1,100 मासे जगले आणि 400 ग्रॅमचे झाले असं धरलं तर साधारण साडेचारशे किलो मासा होतो. भरलेल्या तळ्यात दर हजार लिटरला 200 ग्रॅम, एप्रिलमध्ये तेवढ्याच पाण्याला 700 ग्रॅमच्या वर. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसलेल्या तळ्यात हे झेपत नाही. वर पाणी तापलेलं. 20 अंशाला पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. आणि गरम पाण्यात मासा श्वासाला जास्त मागतो.

त्या रात्रीचं तुम्हीच लिहिलंय: द्राक्षाच्या खरड (उन्हाळी) छाटणीनंतर बागेला पाणी चालू होतं, संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, लाइट रात्रपाळीची. 5 एचपीची मोटर ताशी 15 हजार लिटर धरली तरी आठ तासांत 1 लाख 20 हजार लिटर पाणी जातं. संध्याकाळी 1.2 मीटर असलेलं पाणी पहाटे एक मीटरवर येतं. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देतं, रात्री स्वतःच खातं. दिवसभर ढग असले तर साठाच होत नाही, आणि पहाटे चार ते सहा ही सगळ्यात वाईट वेळ. त्यात संध्याकाळचं खाद्य पोटात. हे सगळं एकाच रात्री जमून आलं.

पाणी हिरवं व्हायला शेण टाका असं आम्हीच सांगितलं होतं, ते बरोबर. पण ते भरलेल्या तळ्यासाठी, ऑक्टोबरपर्यंतचं होतं. पाणी उतरू लागलं की शेण बंद. हिरवेपणा बघायला हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत तळवा अंधूक दिसला तर ठीक. मनगट बुडालं की तळवा दिसेनासा होत असेल तर पाणी फार घट्ट झालंय. खाद्य थांबवा, थोडं पाणी बागेला काढा आणि तेवढंच ताजं घाला. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मात्र नळी तळाशी बुडवून सोडू नका, त्यात प्राणवायू कमी असतो. उंचावरून, फवाऱ्यासारखं पडू द्या.

मांगुराचं उत्तर सोपं आहे: तो पाण्यावर येऊन हवा घेतो, म्हणून चिखलातही जगतो. पण शेजाऱ्याकडे विदेशी जात असेल तर तिच्या पालनाला बंदी आहे. आम्ही ती विकत नाही, विकणारही नाही. पंगस मासाही हवा घेतो, पण नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत आखडून बसतो. "कमी पाण्याला पंगस" हा सल्ला कोकणात चालेल, इथे नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) कटल्यापेक्षा काटक आहे आणि कागदाच्या तळ्यात बांध उकरायची भीती नाही. पुढच्या वेळी मृगळ कमी करून तो घेता येईल.

आता आमची चूक. तुम्ही 1,500 मागितली, आम्ही मोजून 1,500 दिली. पावतीवर तळ्याचं माप लिहिलं, पण मे महिन्यात त्यात किती पाणी उरतं, हे विचारलंच नाही. द्राक्षवाल्याचं तळं उन्हाळ्यात उतरणारच, हे आम्हाला कळायला हवं होतं. बारमाही पाणी, खाद्य आणि देखरेख असेल तर हेक्टरी 10,000 बोटुकलीचा हिशोब चालतो, पण हेक्टर मोजायचं ते सर्वांत कमी पाण्याचं. तुमच्या तळ्यात एक मीटरला पाण्याचा पसारा 26×26 मीटर, म्हणजे जवळपास 7 गुंठे. एअरेटर नाही, तेव्हा 500, फार तर 600. त्यावरच्या 900 बोटुकलीचे पैसे परत करतो. सगळे पैसे परत करणार नाही, कारण बी खराब नव्हतं. पावतीवर आता "उन्हाळ्यात किमान पाणी" असा रकाना घातलाय. तो रिकामा असेल तर बी मोजायचं नाही, असं पोरांना सांगितलंय.

जास्तच मासे ठेवायचे असतील तर ते वेळेवर काढत जायला हवेत. पाइपावरच्या खुणेशी काम बांधून टाका. दोन मीटरला पहिलं जाळं, अर्ध्या किलोच्या वरचा मासा बाजारात. दीड मीटरला दुसरं जाळं, निम्मा माल बाहेर, खाद्य अर्ध्यावर आणि तेही ऊन चढल्यावर, सकाळी नऊनंतर. 1.2 मीटरला खाद्य बंद. एक मीटरच्या आधी सगळे मासे बाहेर. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिसं किंवा लोखंड नको, कागद फाटतो. सुती दोरी पाण्याने जड झाली की पुरते. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, शेवाळलेल्या कागदावरून वर येता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे आदल्या वर्षीची, दाटीत आणि कमी खाद्यावर रोखून ठेवलेली 100 ग्रॅमची बोटुकली. मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळालं की ती झपाट्याने वाढते, ऑगस्टला सोडली तर फेब्रुवारीत विकण्याजोगी होते. महाग पडते, पण तुमच्या बागेचं वेळापत्रक पाहता मला हाच मार्ग बरा वाटतो.

मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर बागेचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तीच मोटर तळ्यावर फिरवा. डिलिव्हरी पाइपाचं तोंड पाण्यापासून चार-पाच फूट उंच बांधून पाणी पसरून पडू द्या, सूर्य वर येईपर्यंत. फूटव्हॉल्व्हला जाळीचा पिंजरा हवा आणि तो तळापासून हातभर वर. ढगाळ संध्याकाळ असेल तर मासे वर येण्याची वाट न बघता रात्री दोनलाच चालू करा. आणि फवारणीची टाकी तळ्यावर धुऊ नका, सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक थोडंसुद्धा मासा मारायला पुरतं.

तळं जूनमध्ये भराल तेव्हा आधी तळाचा गाळ आणि उरलेली घाण काढा. 20 किलोच्या आसपास चुना आदल्या दिवशी भिजवून, थंड करून टाका, कागदावर गरम चुना नको. बी न्यायला याल तेव्हा पाइपावरचा मे महिन्यातला आकडा लिहून आणा. जुनी पावतीही आणा, पैसे तेव्हाच देतो.