तानसाचं पाणी आणि माझे परके पैसे

मुलुंडच्या आमच्या जुन्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. माझी भाची आणि तिच्या कॉलेजची मुलं शहापूर तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यासाठी वर्गणी काढताहेत. पाच हजार लिटरची टाकी, सोलर पंप, विहिरीपासून पाड्यापर्यंत पाइप. प्लंबरच्या मजुरीपासून टेम्पोच्या भाड्यापर्यंत सगळा हिशेब तिने ग्रुपवर टाकला. चर पाड्यावरचे लोकच खणणार, हेही लिहिलं. त्यावर एका काकांचं उत्तर आलं : "हे सरकारचं काम आहे. फुकट दिलं की माणसं आळशी होतात. तुम्ही फोटो काढून परत याल." खाली अंगठ्यांची रांग.

फुकट कोण घेतंय, काका? मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे शहरातले. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा हे सगळे ठाणे, पालघर, नाशिककडचे. तानसाचं धरण 1892 सालचं, म्हणजे आपल्या पणजोबांपासून आपण ते पाणी पितोय. आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथेच उन्हाळा लागला की पाड्यांवर टँकरची वाट बघतात. भाचीने पाठवलेल्या व्हिडिओत एक बाई आटलेल्या विहिरीत उतरून वाटीवाटीने हंडा भरत होती, वर दुसरी दोर धरून उभी होती. हंडा भरेपर्यंत व्हिडिओ संपला. त्या बाईला आळशी म्हणणारा माणूस मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

मी कॅनडातल्या विनिपेगला राहतो. हे शहर 1919 पासून शोल लेकचं पाणी पितं. त्याच तळ्याकाठच्या शोल लेक 40 या मूळनिवासी वस्तीला मात्र 1997 पासून पाणी उकळून प्यावं लागलं. जलवाहिनीच्या कामात कालवा खणला आणि त्या वस्तीचं बेट झालं. बाहेर पडायला बारमाही रस्ता मिळाला 2019 मध्ये, शुद्धीकरण केंद्र सुरू झालं 2021 मध्ये. "सरकारचं काम" व्हायला एवढी वर्षं लागली, आणि तीही कॅनडात! तोवर जन्मलेली पोरं बाटलीतल्या पाण्यावर मोठी झाली. पण रस्त्याच्या खर्चात केंद्र आणि प्रांताबरोबर विनिपेग शहरानेही वाटा उचलला. ज्याने पाणी घेतलं त्याचं देणं लागतं, हे इथे निदान कबूल झालं. तेवढंच मला मुलुंडकडून हवंय.

इथे कोणासाठीही सोशल, म्हणजे पैसे जमवायला तिकीट लावून केलेली पार्टी, ठेवला की लोक तिकिटं घेतात, तिथल्या सायलेंट ऑक्शनमध्ये, म्हणजे कागदावर बोली लिहायच्या लिलावात, नको असलेली भेटवस्तूंची बास्केटसुद्धा घेऊन येतात. मुलांच्या हेतूची उलटतपासणी कोणी करत नाही. वर्गणी दिली म्हणून सरकारला जाब विचारायचा नाही, असंही कोणी मानत नाही. दोन्ही करता येतं.

हे मी लिहिलं तर काकांचं दुसरं उत्तर : "डॉलर कमावून तिकडून बोलायला काय जातं?"

हे मात्र लागलं. कारण मला देताच येत नाहीयेत. मी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याने माझे पाचशे रुपयेही आता विदेशी योगदान ठरतात. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी तेच. दुबईतला माझा मित्र भारतीय पासपोर्टवर आहे, त्याने बिनदिक्कत पैसे पाठवले. ही मुलं ज्या छोट्या संस्थेतर्फे काम करतात तिच्याकडे त्या कायद्याखालची नोंदणी नाही. ताई म्हणाली, माझ्या खात्यात टाक, मी माझ्या नावाने देते. तो आडमार्ग मला नको. उद्या त्या पोरांच्या मागे चौकशी लागायची. पासपोर्ट बदलताना व्हिसाच्या रांगा सुटल्या एवढंच डोक्यात होतं. तानसाच्या पाण्यावर वाढलेला मी तिथल्या पाड्याला परका देणगीदार होईन, हे कोणी सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं. आजही पटत नाही. मुलुंडच्या कुठल्याही गोष्टीवर मी अजून "आपलं" असंच बोलतो, आणि ते बोलायचं सोडणार नाही.

पंपाचे पैसे अजून पुरे जमलेले नाहीत आणि काम पावसाच्या आधी व्हायला हवं. काका, तुमचा पासपोर्ट भारताचा आहे. हिशेबात शंका असेल तर भाचीला फोन करा, ती प्रत्येक पावती दाखवेल. शक्य असेल तर एका रविवारी तिच्याबरोबर पाड्यावर जाऊन या.