भरवशाच्या गाडीला वाढीव वॉरंटी घ्यायची का?

ओळखीपाळखीत कुणी नवी गाडी घेतली की एक प्रश्न हमखास येतो: ‘एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ का?’ गाडी नावाजलेली, वर्षानुवर्षं विनातक्रार पळणारी, आणि घेणाऱ्यानं ती त्याच कारणासाठी निवडलेली. तरीही प्रश्न असतोच. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं असतं. पण ते सरसकट ‘नको’ नाही आणि त्यामागची कारणं एका वाक्यात मावत नाहीत, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी हा निर्णय कुठे घेतला जातो ते बघा. मॉडेल ठरलंय, रंग ठरलाय, हप्ता ठरलाय. समोर कागदांचा गठ्ठा आहे आणि सेल्समन सही कुठे करायची ते बोटानं दाखवत एकेक पान उलटतोय. एका पानावर अ‍ॅक्सेसरीज, विमा, नोंदणी अशा ओळी आहेत. त्यांच्याच खाली वॉरंटीची ओळ, आणि तिच्यापुढच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण! ‘हे काय?’ असं विचारलं तर उत्तर तयार असतं: ‘सगळेच घेतात. नंतर घ्यायला गेलात तर महाग पडेल.’ गाडीच्या एकूण किमतीपुढे ती रक्कम किरकोळ वाटते, हप्त्यात मिसळली की तर दिसतही नाही. पण हप्त्यात मिसळली म्हणजे तिच्यावरही व्याज लागलं. आणि ज्या संरक्षणाचे पैसे तुम्ही आज देताय ते सुरू होणार मूळ वॉरंटी संपल्यावर, म्हणजे बऱ्याचदा दोन-तीन वर्षांनी.

म्हणून पहिली गोष्ट, त्या टेबलावर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ही वाढीव वॉरंटी विकतात. शेवटची तारीख कोणती आणि तेव्हा दर काय असेल, एवढं लेखी मागून घ्या. थोडी महाग झाली तरी चालेल, कारण मधल्या काळात तुम्हाला तुमची स्वतःची गाडी कळलेली असते. मॉडेलची ख्याती वेगळी आणि तुमच्या दारातली गाडी वेगळी. ती पहिल्या वर्षात दोनदा एकाच तक्रारीसाठी सर्व्हिस सेंटरला गेली असेल, तर हिशेब बदलतो.

आता मूळ मुद्दा. यंत्रं कधी बिघडतात याचा एक आलेख इंजिनिअर लोक वापरतात, त्याला बाथटब कर्व्ह म्हणतात. न्हाणीतल्या टबाला उभं कापलं तर जसा दिसेल तसा: दोन्ही टोकं वर, मध्ये सपाट. डावीकडचं टोक म्हणजे सुरुवातीचे बिघाड, कारखान्यातच काहीतरी चुकलेलं. उजवीकडचं टोक म्हणजे झीज, वय, थकवा. मधला सपाट भाग म्हणजे गाडीचं तारुण्य. त्या काळात बिघाड होतात, पण तुरळक आणि कधीही. मूळ वॉरंटी डावं टोक सांभाळते. वाढीव वॉरंटी मूळ संपल्यावर आणखी काही वर्षं चालते, म्हणजे चांगल्या गाडीच्या बाबतीत ती नेमकी टबाच्या सपाट तळावर पडते. उजवी बाजू वर चढायला लागते तेव्हा तिची मुदत बहुधा संपलेली असते. भरवशाची गाडी म्हणजे दुसरं काय? जिचा हा तळ लांब आणि खाली आहे ती. ज्या गुणासाठी तुम्ही जास्त पैसे मोजून ही गाडी घेतली, त्याच गुणाच्या अभावाचा विमा पुन्हा पैसे मोजून घ्यायचा, हे मला पटत नाही.

शिवाय झीज ही वॉरंटीत येतच नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर, बल्ब, फिल्टर, बेल्ट, बहुतेक ठिकाणी बॅटरी, कित्येक करारांत सस्पेन्शनचे बुश आणि रबरी होससुद्धा बाहेर. चार-पाच वर्षांच्या चांगल्या गाडीवर खर्च होतो तो बराचसा यांच्यावरच. करारात ‘काय मिळेल’ हे पान मोठ्या अक्षरात असतं, ‘काय मिळणार नाही’ हे बारीक अक्षरात. मी नेहमी दुसरं पान आधी वाचते.

त्यातला एक प्रकार जवळून सांगते, कारण तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. वॉटर पंपाचं सील गळायला लागलं की सुरुवातीला खाली थेंबही पडत नाही. पंपाच्या अंगावर वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) पांढरट किंवा गुलाबी ओघळ दिसतो, थोडासा गोडसर वास येतो, आणि टाकीतली पातळी हळूहळू ‘मिन’च्या खुणेकडे सरकते. मग एखाद्या दिवशी चढावर तापमानाचा काटा वर जातो. घर जवळच आहे म्हणून माणूस गाडी तशीच पुढे काढतो. तेवढ्यात अ‍ॅल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं, कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात. पंप वॉरंटीत आहे, तो बदलून मिळतो. हेडचं मोठं बिल मात्र नाकारलं जाऊ शकतं, कारण इंजिन तापल्याचं दिसत असूनही गाडी चालवली, अशी नोंद सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर होते, आणि असं नुकसान अनेक करारांत स्पष्टपणे वगळलेलं असतं. महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून टाकी बघितली असती तर हे सगळं पंपाच्या खर्चात निभावलं असतं. त्यासाठी वॉरंटी लागत नाही.

माझ्या एका मैत्रिणीचा एसीचा कंप्रेसर गेला. वॉरंटी होती, गाडी बनवणाऱ्या कंपनीची नव्हे, तिसऱ्याच कुणाची. क्लेम फेटाळला, कारण आधीची एक सर्व्हिसिंग ठरलेल्या तारखेनंतर काही आठवड्यांनी झाली होती. त्या उशिराचा आणि कंप्रेसरचा काडीचा संबंध नाही. पण करारात अट होती आणि तिच्यावर बोट ठेवून त्यांनी हात वर केले. मला याचा अजूनही राग आहे. घ्यायचीच असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच घ्या, असं मी सांगते ते यामुळे. तिथे निदान कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला काम होतं, पार्ट अस्सल असतो, आणि कंपनीला स्वतःच्या नावाची थोडी तरी चाड असते. तिसऱ्या पार्टीचं दुकान उद्या बंद झालं तर कागद घेऊन जाणार कुठे?

हिशेबाची एक सोपी रीत आहे. वॉरंटीची किंमत भागिले वॉरंटीत बसणाऱ्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च. समजा वॉरंटी १०० ला आहे आणि तशी दुरुस्ती ५०० ला. म्हणजे त्या मुदतीत दर ५ गाड्यांपैकी एकीला ती दुरुस्ती निघत असेल तरच तुमचा व्यवहार बरोबरीत सुटतो. आता तुमच्या मॉडेलच्या जुन्या मालकांना विचारा: पाचातल्या एकाचा गिअरबॉक्स किंवा कंप्रेसर त्या वयात गेलाय का? खरोखर भरवशाच्या गाडीबद्दल उत्तर बहुधा ‘नाही’ येईल. आणि हे आश्चर्याचं नाही. विकणाऱ्याला त्याच रकमेतून दुरुस्त्या, कमिशन, कार्यालय आणि नफा हे सगळं काढायचं असतं. सरासरी ग्राहक भरतो त्यापेक्षा कमीच परत मिळवतो, नाहीतर हा धंदा चाललाच नसता.

मग इतके लोक का घेतात? डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात याचं मला पटणारं उत्तर आहे. छोट्या शक्यतेला माणूस मनात तिच्या खऱ्या आकारापेक्षा मोठं करतो, आणि तोट्याचं दुःख त्याला तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा जास्त बोचतं. ‘गिअरबॉक्स गेला तर?’ हा प्रश्न एकदा कानावर पडला की त्याची शक्यता किती हे कुणी विचारत नाही. भीती खरी असते. विकणाऱ्याला ती नेमकी कुठे आहे ते माहीत असतं.

इथे आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. ह्युंदाईने १९९८ मध्ये अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. त्या वेळी तिथे त्यांच्या गाड्यांचं नाव फारसं चांगलं नव्हतं, आणि ते सुधारण्यासाठी कंपनीनं स्वतःच्या पैशांची पैज लावली. अशी वॉरंटी गाडीसोबत येते तेव्हा बिघाडाचा भार बनवणाऱ्यावर असतो आणि गाडी नीट बनवण्यात त्याचा स्वार्थ असतो. वेगळी विकत घेतलेली वॉरंटी म्हणजे तुमच्याच पैशांची पैज. दोन्हींना वॉरंटीच म्हणतात, पण कुणाचा खिसा जोखमीवर आहे ते बघावं.

आता ‘घ्या’ कधी म्हणते तेही सांगते.

भरवशाचं नाव जुनं असतं, पण बॉनेटखालचं यंत्र नवं असू शकतं. एखाद्या कंपनीची कीर्ती साध्या पेट्रोल इंजिनावर आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या, जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर उभी राहिलेली असते. आज त्याच नावाच्या गाडीत टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन आणि ड्युअल क्लच (दोन क्लच आलटूनपालटून वापरणारा) गिअरबॉक्स असतो. ड्राय, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेला ड्युअल क्लच रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तापतो आणि त्याचं मेकॅट्रॉनिक्स युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलायचं म्हटलं की बिल दणकून येतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची मागची बाजू धुतली जात नाही आणि तिथे कार्बन साठतो. (ती साफसफाई बहुतेक करारांत ‘देखभाल’ म्हणून वगळलेली असते, हेही विचारून घ्या.) नव्या इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची पहिलीच पिढी असेल तर जुन्या कीर्तीवर विसंबू नका. तिथे वाढीव वॉरंटीला अर्थ आहे.

इलेक्ट्रॉनिक्सचंही तसंच. क्लच जाण्याआधी घसरायला लागतो, बेअरिंग आधी घूं-घूं करतं. बंपरमधला रडार, सीलबंद एलईडी हेडलॅम्प, मधला मोठा स्क्रीन यांचं तसं नसतं. काल चालू, आज बंद. आणि दुरुस्ती बहुधा नाहीच, सगळं युनिटच बदलायचं. अशा गोष्टींनी भरलेलं टॉपचं मॉडेल घेतलं असेल तर करारात इलेक्ट्रॉनिक्स आहे की फक्त इंजिन-गिअरबॉक्स, हे पाहूनच ठरवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीला मात्र बऱ्याच कंपन्या सुरुवातीपासूनच वेगळी, सहसा ८ वर्षांची, वॉरंटी देतात. बॅटरीच्या धास्तीनं वर आणखी पैसे भरण्याआधी मूळ कागद वाचा.

भरपूर चालवणाऱ्यांनीही वेगळा विचार करावा, पण कॅल्क्युलेटर घेऊन. ‘अमुक वर्षं किंवा अमुक किलोमीटर, जे आधी होईल ते’ या ओळीतले शेवटचे चार शब्द सगळ्यात महत्त्वाचे. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळवणाऱ्याची वाढीव वॉरंटी वर्षं शिल्लक असतानाच किलोमीटरवर संपते.

आणि शेवटचा, माझ्या लेखी सगळ्यात खरा अपवाद. गिअरबॉक्सचं बिल अचानक आलं तर घरातलं काय अडेल? मुलांची फी, कुणाचं औषधपाणी, घराचा हप्ता यांतलं काही अडणार असेल, आणि गाडीशिवाय कामावर जाता येत नसेल, तर वॉरंटी घ्या. सरासरीचा हिशेब हजारो गाड्यांना लागू पडतो, तुमच्याकडे एकच गाडी आहे. अशा घरासाठी थोडे जास्त पैसे देऊन मोठा धक्का टाळणं हा शहाणपणाचाच व्यवहार आहे आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत. मनःशांती विकत मिळते का यावर लोक वाद घालतात. ज्याच्याकडे गंगाजळी नाही त्याला ती खरंच मिळते, असं माझं मत आहे.

ज्यांना तेवढं बिल पेलवतं त्यांनी मात्र वॉरंटीची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि विसरून जावी. त्यातून टायर येतील, बॅटरी येईल, सस्पेन्शनचे बुश येतील, जे बहुतेक वॉरंटी देणार नाहीत. काही बिघडलं नाही तर पैसे तुमचेच. त्यातला थोडा भाग वेळेवर ऑइल बदलण्यावर आणि ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी (बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच घालण्यावर खर्च करा. सर्व्हिसिंगची बिलं एका फाइलमध्ये ठेवा. वॉरंटी संपल्यावर लगेच एखादा मोठा भाग गेला, तर नोंदी चोख असलेल्या ग्राहकाचा काही खर्च कंपन्या कधीकधी स्वतःहून उचलतात. हक्क म्हणून नव्हे, पण मागितल्यास. सुरक्षेशी संबंधित दोषांसाठी होणारा रिकॉल, म्हणजे कंपनीनं गाड्या परत बोलावून केलेली दुरुस्ती, तर वॉरंटी असो वा नसो, सहसा मोफतच असतो. टकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅग जगभरात कोट्यवधी गाड्यांमधून अशाच बदलल्या गेल्या, आणि त्यात भल्याभल्या नावांच्या गाड्या होत्या.

एक काम मात्र प्रत्येकानं करावं, वाढीव वॉरंटी घेणार असाल तरी आणि नसाल तरी. मूळ वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून-वरून तपासून घ्या. स्टीअरिंग वळवताना येणारी कटकट, गिअर पडताना बसणारा हलका धक्का, पॉवर विंडोची कुरकुर, ऑइलचा ओलसर डाग, जे जे खटकतंय ते सगळं जॉब कार्डावर लिहायला लावा. ‘हे नॉर्मल आहे, असंच असतं’ असं तोंडी सांगितलं तर तेच वाक्य कार्डावर लिहून त्याखाली सही-शिक्का मागा. मुदतीत नोंदवलेली तक्रार मुदत संपल्यावर मोठी झाली, तर भांडायला हातात तारखेचा कागद असतो.